लोकांचाच प्रकल्प, तरीही विचारावं लागतं

अर्जुनी मोरगाव,
८ फेब्रुवारी

प्रिय रेवती,

तुझं पत्र आलं त्या दिवशी दोनदा वाचलं. शेवटी तू विचारलंयस, "गावानं ठरवायचं, गावानंच करायचं, मग तुझी तिथे गरज काय?" तू वकील आहेस, थोडक्यात उत्तर दिलं तर उलटतपासणी घेशील. म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्या कामाला कार्यालयात 'सेफगार्ड' म्हणतात. कुठलाही प्रकल्प सुरू होण्याआधी त्यानं कुणाचं, कशाचं नुकसान होईल ते शोधायचं, ते टाळायचं, टाळता येत नसेल तर भरपाई ठरवायची आणि तक्रारीला जागा ठेवायची. धरण, रस्ता, खाण असली की याची गरज कुणालाही पटते. तलाव वाचवायच्या कामात कसलं आलंय नुकसान, असं मात्र सगळ्यांना वाटतं.

आता इथलीच गोष्ट घे. मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, तुला माहीत आहेतच, भंडारा-गोंदियाचं माणूस तू. कोहळी समाजानं बांधलेले, मालगुजारांकडे, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांकडे, असलेले आणि १९५०च्या कायद्यानं मालगुजारी गेल्यावर सरकारजमा झालेले. अशाच एका तलावाचं पुनरुज्जीवन चाललंय. बेशरम हे माजलेलं तण उपटायचं, उन्हाळ्यात उघडं पडलेलं तळ नांगरायचं, स्थानिक जलवनस्पती लावायच्या, म्हणजे मरळीसारखे देशी मासे आणि पाणपक्षी परततील. पुढाकार ढिवर, म्हणजे मच्छीमार समाजातल्या, बायांचा. कुठली वनस्पती कुठल्या माशाला लागते हे त्यांना जसं कळतं तसं आमच्या अहवालात कुठेच नाही. काम खरोखर सुंदर आहे आणि ते व्हावं असं मला मनापासून वाटतं.

ग्रामसभेत ठराव एकमतानं झाला. कागद चोख होता. आमच्या जोखमीच्या तक्त्यात 'कमी' या रकान्यावर खूण करून पुढे जाता आलं असतं. पण ठरावात एक ओळ होती, 'तलावाच्या पोटात गाळपेर बंद राहील.' पाणी ओसरलं की उघड्या गाळात लाखोरी, हरभरा, थोडा भाजीपाला कोण पेरतं? ज्यांच्याकडे स्वतःची धानाची एकही बांधी नाही तेच. त्या घरांतल्या बायांकडे मी सभेनंतर गेले, तेही संध्याकाळी, चुलीपाशी. तुम्हीही हात वर केला होता ना, असं विचारलं. त्यातली एक विधवा बाई म्हणाली, "सभेत हात वर नाही केला, तं रोवण्याले आमाले कोन बलावते?"

रेवती, माझी गरज काय, याचं उत्तर मला वाटतं या एका वाक्यात आहे. तलावाच्या पाण्यावर ज्यांचं धान पिकतं त्यांच्याच बांधीत या बाया रोवण्याला, म्हणजे धानाच्या लावणीला, मजुरीवर जातात. कुणी धमकावलं नव्हतं, कुणाचा हेतू वाईट नव्हता. तरीही ती संमती मोकळी नव्हती. गाव म्हणजे एक माणूस नसतं. शेतकऱ्याला तुडूम, म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं दार, लवकर उघडायला हवं असतं, ढिवराला माशापुरतं पाणी उन्हाळाभर राहायला हवं असतं, आणि गाळपेरवाल्याला पाणी ओसरायला हवं असतं. तिघंही तलाव जपायलाच निघालेत. त्यात मच्छीमार संस्थेचे सभासद बहुतेक पुरुष. मासळी विकणाऱ्या आणि आता वनस्पती लावणाऱ्या बायांचं नाव यादीत नाही. नुकसानभरपाई 'सभासदांना' असं लिहिलं की त्या आपोआप बाहेर.

निसर्गाच्या बाजूनंही प्रश्न असतात. गाळ काढायचा म्हणून जेसीबी लावून तळ सरळ खोल केलं, तर काठाचा उथळ उतार जातो. पाणी वाढतं, पण वनस्पती त्या उतारावरच उगवतात आणि पक्षीही तिथेच चरतात. किंवा मासळीचं उत्पन्न वाढावं म्हणून त्याच तलावात गवत्या, म्हणजे ग्रास कार्प मासा, सोडायचा. तो भराभर वाढतो खरा, पण पाणवनस्पती खाऊनच. एका हातानं लावायचं आणि दुसऱ्या हातानं चारायचं! यावर संस्थेतल्या जुन्या मंडळींशी बरेच दिवस चर्चा झाली. बायांनी बाजू लावून धरली म्हणून यंदा गवत्याचं बीज आणायचं नाही असं ठरलं.

मला कधीकधी वाटतं, हे काम आपल्याच मातीतून जगात गेलंय याची आपल्याला पुरेशी जाणीव नाही. पुनर्वसनाचं धोरण जागतिक बँकेकडे १९८० पासून होतं. तरी १९८५मध्ये सरदार सरोवराला कर्ज मिळालं आणि खोऱ्यातल्या माणसांचं काय होणार याचा धड अभ्यास झालाच नव्हता. अक्कलकुव्यातल्या मणिबेलीसारख्या गावांनी जे सोसलं आणि जो लढा दिला त्यामुळे बँकेला स्वतंत्र आढाव्यासाठी मोर्स समिती नेमावी लागली. १९९२मध्ये तिनं पुनर्वसन आणि पर्यावरण दोन्हींतल्या त्रुटी स्पष्ट मांडल्या. १९९३मध्ये बँकेनं तपासणी पॅनेल स्थापलं, म्हणजे बाधित माणसाला थेट तक्रार करता येईल अशी जागा. आणि १९९८मध्ये नागरहोळेच्या आदिवासींनी त्याच पॅनेलकडे दाद मागितली, ती धरणाविरुद्ध नव्हे, अभयारण्यांभोवतीच्या पर्यावरण-विकास प्रकल्पाविरुद्ध. जंगल वाचवणारा प्रकल्पही माणसाला जंगलातून बाहेर ढकलू शकतो, हे तेव्हाच समोर आलं होतं. तरी आजही 'संवर्धन' हा शब्द दिसला की तपासणी ढिली होते. याची मला चीड येते.

मी जोखीम 'मध्यम' लिहिली. त्यामुळे निधी येणं लांबलं आणि काही जण नाराज झाले. नाराजी समजू शकते. नांगरणीला उन्हाळ्याचे थोडेच आठवडे मिळतात. पण त्या अवधीत नवीन बोलणी झाली. तळ एकदम सगळं न नांगरता तुकड्यातुकड्यानं नांगरायचं, एका बाजूची पट्टी गाळपेरीला ठेवायची, तिथे रासायनिक फवारणी नाही, आणि रोपं लावायच्या मजुरीत या घरांना पहिली संधी. त्या बायांशी बैठक वेगळी, त्यांच्या वेळेला घेतली. ग्रामपंचायतीबाहेर तक्रारपेटी टांगली आहे, पण त्यात चिठ्ठी कोण टाकणार? सगळ्यांच्या देखत पेटीपाशी जाणं म्हणजेच बोभाटा. म्हणून बायांनीच आपल्यातल्या दोघी निवडल्यात, तक्रार त्यांच्याकडे तोंडी जाते.

पाण्याचं मात्र सुटलेलं नाही. तुडूम कधी आणि किती उघडायचं, उन्हाळ्यात किती पाणी राखायचं यावर शेतकरी आणि ढिवर दोघंही 'पूर्वीपासून असंच आहे' म्हणतात, आणि दोघांचं पूर्वीपासूनचं वेगळं आहे. इथे तू हवीस. वाजिब-उल-अर्ज आणि निस्तारपत्रक या गावाच्या चालीरीती आणि सामायिक वापराच्या हक्कांच्या जुन्या नोंदींत या तलावाची वहिवाट नोंदलेली असेल. गोंदिया १९९९मध्ये वेगळा झाला, तेव्हा जुनी दप्तरं भंडाऱ्यातच राहिली असण्याची शक्यता आहे. गावाचं नाव आणि तलावाचा गटक्रमांक सोबतच्या चिठ्ठीत लिहिलाय. अभिलेख कक्षात तुझी ओळख आहे, नकला मिळतात का बघशील? गाळपेरीची नोंद असेल तर ती आधी काढ. मार्चच्या बैठकीत ती त्या बायांच्या हातात असावी, म्हणजे त्यांना कुणाच्या मेहरबानीवर बोलावं लागणार नाही.

काकूंच्या गुडघ्यांचं कसं आहे ते कळव.

तुझी,
सुनंदा