हेलियम डे झाला, आता पासपोर्टचं बघूया

नमस्कार मंडळी, गावातल्यांना आणि मुंबई-पुण्याच्या चाकरमान्यांना पण.

दरवर्षी 18 ऑगस्टला आपल्या विजयदुर्गावर हेलियम डे होतो, ग्रहण बघायला बांधले म्हणतात त्या साहेबाच्या कट्ट्यांजवळ फोटो निघतात, 1868 च्या ग्रहणात हेलियम इथूनच सापडला असं आपण पाहुण्यांना छाती फुगवून सांगतो. खरं तर हेलियमच्या शोधाला ज्याचं नाव लावतात तो इंग्रज शास्त्रज्ञ लॉकियर साहेब त्या दिवशी विलायतेतच होता, सूर्यप्रकाशातली ती हेलियमची पिवळी रेघ त्याने ऑक्टोबरात तिकडूनच बघितली, पण गावात हे बोललं की लोक अंगावर येतात म्हणून मी आपला गप्प. मुद्दा तो नाहीच. मुद्दा असा की त्या कार्यक्रमात उन्हात बसवलेल्या पोरांपैकी जी पुढे बीएस्सीला जातात त्यांना कोणी सांगतच नाही की डिग्री चालू असतानाच दोन-तीन महिने बाहेरच्या देशात खऱ्याखुऱ्या लॅबमध्ये काम करायला जाता येतं, आणि ते पण पदरचे लाखो न घालता.

कॅनडात मायटॅक्स नावाच्या संस्थेची ग्लोबलिंक इंटर्नशिप आहे, 12 आठवडे, प्रोफेसरच्या हाताखाली प्रोजेक्ट. जपानमध्ये ओकिनावाला ओआयएसटी ही विज्ञान-तंत्रज्ञानाची संशोधन संस्था आहे, तिथे जाण्यायेण्याचं भाडं, खोली आणि रोजचा भत्ता देतात. स्वित्झर्लंडात जिनिव्हाजवळ सर्न ही अणूच्या आतल्या कणांवर काम करणारी मोठी प्रयोगशाळा आहे, भारत 2017 पासून तिथला असोसिएट मेंबर, त्यामुळे त्यांच्या समर प्रोग्रामला आपली पोरं अर्ज करू शकतात, फक्त डिग्रीची तीन वर्षं झालेली हवीत. या तिन्ही ठिकाणी फॉर्मची फी शून्य. कोणी एजंट फॉर्मचे पैसे मागत असेल तर सरळ फोन ठेवा.

मग आपली पोरं का जात नाहीत? मार्कांचं कारण मला तरी पटत नाही. दोन वर्षांपूर्वी आपल्याच तालुक्यातल्या एका खारव्याच्या मुलीला बाहेरच्या एका लॅबने बोलावलं होतं, खेकड्यांवर काम होतं, जे ती लहानपणापासून खाडीत बघतेय. तिच्याकडे पासपोर्टच नव्हता. काढायला घेतला तर शाळेच्या दाखल्यावर आडनाव एक आणि आधारवर गावाचं नाव लावलेलं दुसरं, ते दुरुस्त करता करता सगळा शिमगा गेला, मग पोलीस व्हेरिफिकेशन, तोपर्यंत लॅबवाल्यांनी दुसऱ्याला घेतलं. काही ठिकाणी तर तिकिटाचे पैसे तिथे पोचल्यावर हातात येतात, म्हणजे आधी घरातून घालायचे, आणि धनगरवाडीवरच्या किंवा बौद्धवाडीतल्या घरात एकरकमी तेवढे पैसे कुठून येणार. सरकारी स्कॉलरशिप आहेत की, असं लोक म्हणतात. आहेत, राजर्षी शाहू परदेश शिष्यवृत्ती आहे, केंद्राची नॅशनल ओव्हरसीज आहे, पण त्या मास्टर्स आणि पीएचडीसाठी. एसवाय-टीवायच्या पोराला दोन-तीन महिन्यांसाठी त्यातून काही मिळत नाही.

म्हणून मंडळाने ठरवलंय की निवड व्हायची वाट न बघता आधी पासपोर्ट काढून ठेवायचे. साध्या पासपोर्टची फी 1,500 रुपये, 18 च्या पुढच्याला दहा वर्षं चालतो. पहिल्या खेपेला 50 पोरं धरली तर 75,000 झाले. बागायतदारांनी हापूसच्या एका पेटीचे पैसे बाजूला काढले तरी एका पोराचं काम होतं, म्हणजे सिझनच्या सुरुवातीच्या पेटीचे हां, मे अखेरच्या नको. हा झाला पासपोर्टचा निधी. दुसरा आहे फिरता निधी, तिकीट आणि व्हिसासाठी उसने द्यायचे, पोराला तिकडून पैसे मिळाले की त्याने परत भरायचे, मग पुढच्याला. दोन्हीचा हिशोब वेगळा ठेवू, पावती प्रत्येकाला मिळेल, आणि मिटिंगला वही टेबलावर उघडी असेल.

ज्यांना पैसे जमत नाहीत त्यांनी दुसरं द्या. काही देशांच्या व्हिसाला बोटांचे ठसे लागतात, त्यासाठी मुंबई गाठताना पोरं कणकवलीहून तुतारीने रात्री निघून सकाळी दादरला उतरतात, तर दादर-परळकडच्या चाकरमान्यांनी आंघोळीपुरती मोरी आणि एक रात्र पथारी टाकायला जागा द्या, एवढं बास. कोणाची मुलं पुण्या-मुंबईत नाहीतर बाहेर पीएचडी करतायत त्यांनी आठवड्यातून एक तास व्हिडिओ कॉलवर बसून फॉर्म वाचावेत, कारण आपली पोरं "मी होतकरू विद्यार्थी आहे" एवढंच इंग्रजीत लिहून थांबतात आणि खाडीतल्या खेकड्याबद्दल जे माहितीय ते लिहीतच नाहीत. सरांनी पण शिफारसपत्रात तेच छापील वाक्य टाकू नये, पोराने प्रॅक्टिकलला काय केलं ते लिहा. मायटॅक्सचा फॉर्म बहुतेक वेळा सप्टेंबरात बंद होतो, म्हणजे नेमका गणपतीच्या धामधुमीत, त्यामुळे आरत्यांच्या आधी तो भरून टाका बाबांनो.

आणि पहिल्याच वर्षी परदेश नाही जमला तर आपल्या देशातल्या तीन विज्ञान अकादमींची समर फेलोशिप बघा, दोन महिने चांगल्या लॅबमध्ये भत्त्यासकट काम मिळतं, तिथल्या सरांचं पत्र पुढच्या अर्जाला लागतं.

येत्या रविवारी सकाळी 10 ला मंडळाच्या खोलीवर बसतोय. पोरांनी दाखला, आधार आणि मार्कशीट घेऊन या, नावातला घोळ असेल तर लपवू नका, तोच आधी सोडवायचाय. मुलींच्या आईबापांनी स्वतः या, तुमचे प्रश्न वेगळे असतात ते माहितीय. मागच्या वेळेसारखी चहापत्ती विसरलेली नाही, दूध मात्र कोणीतरी आणा.

— मंडळाचा कार्यवाह