शिफ्टवाल्यांनी नवं काम शिकायचं कधी?

संपादक महोदय,

चाळिशीनंतर काम बदलावं लागू शकतं, आधीपासून तयारी ठेवा, असा सल्ला हल्ली जिथे तिथे वाचायला मिळतो. सल्ला खोटा नाही. पण देणाऱ्यांपैकी कुणी कधी फिरती शिफ्ट केली असेल, असं वाटत नाही.

मी भोसरी एमआयडीसीत सीएनसी सेटर आहे, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मशीन कामासाठी लावून देणारा. वय ४६. आयटीआयचा टर्नर. साध्या लेथवर सुरुवात केली, सीएनसी आली तेव्हा ती कंपनीतच शिकलो. आमच्याकडे इंजिनाचे व्हॉल्व्ह गाइड आणि इंजेक्टरच्या बॉडी निघतात. इलेक्ट्रिक गाडीला यांतलं काहीच लागत नाही. पिस्टन, क्रँकशाफ्ट, सायलेन्सर, सगळंच गेलं. कारखाना उद्या बंद पडणार नाही, पेट्रोल-डिझेलच्या गाड्या अजून बरीच वर्षं निघतील. पण माझ्या घराचे हप्ते दहा वर्षांचे बाकी आहेत आणि मुलगी बारावीत आहे. तोवर याच मशीनवर हेच पार्ट निघत राहतील, अशी पैज मी तरी लावणार नाही.

म्हणून क्वालिटीत जायचं ठरवलंय. ड्रॉइंग वाचता येतं, मायक्रॉनचं, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचं काम हातात आहे, आता सीएमएमवर, म्हणजे पार्टची मापं घेणाऱ्या मशीनवर मोजायला शिकायचं. पार्ट इंजिनाचा असो की मोटरचा शाफ्ट, मोजणारा लागतोच. सुरुवातीला पगार कमी होईल, हे घरी आधीच सांगितलं. बायको म्हणाली, "कमी म्हणजे किती ते सांगा." मग दोघांनी वही घेऊन बसून हिशेब केला. पीएफला हात लावायचा नाही, हे त्यातच ठरलं. पेन्शनही घाईने सुरू करायची नाही. ती ५० नंतर घेता येते, पण ५८ पेक्षा जितकी वर्षं आधी घ्याल तितके दर वर्षामागे ४ टक्के कापले जातात.

आसपासच्या कंपन्यांत व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घेतलेली माणसं मी पाहिली आहेत. पैसा गावच्या घरात गेला, लग्नात गेला, कुणी रिक्षा घेतली. रिक्षा चालवणं कमीपणाचं नाही. पण वीस वर्षं दहा मायक्रॉनच्या आत काम केलेल्या माणसाचा हात असा वाया जावा, याचा मला राग येतो.

आता मुद्द्याचं. आमची शिफ्ट दर आठवड्याला बदलते. संध्याकाळी सहाचा क्लास लावला की सेकंड शिफ्टचा आठवडा कोरडा जातो. रविवारचा लावावा, तर या पट्ट्यात बहुतेक कारखान्यांना सुट्टी गुरुवारी. आयटीआयला वयाची वरची अट नाही, हे मला माहीत आहे. पण दिवसभर वर्गात बसायचं तर नोकरीच सोडायला हवी! वर शिकायला जातोय असं कळलं की सुपरवायझरला वाटतं, हा चालला. त्यामुळे जे शिकतात ते लपूनछपून शिकतात.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत कामगारांच्या पुनर्कौशल्यासाठी निधी आहे. कपात झालेल्या कामगाराच्या खात्यात ४५ दिवसांत १५ दिवसांचा पगार जमा करायचा. म्हणजे नोकरी गेल्यावर, आणि तोही अर्ध्या महिन्याचा. त्यात किराणा भरायचा की फी? शिकायला मदत हवी ती नोकरी चालू असताना, दर महिन्याला पगार येत असताना. तेव्हा डोकंही शांत असतं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्यातल्या ४०० सरकारी आयटीआयसाठी अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमांची योजना सुरू झाली. इलेक्ट्रिक वाहनं, सोलर असे विषय त्यात आहेत. चांगली गोष्ट आहे. माझी सूचना एवढीच, की कारखान्यांच्या पट्ट्यात तरी एकच धडा सकाळी आणि संध्याकाळी असा दोनदा घ्यावा. फर्स्टवाला संध्याकाळी येईल, सेकंडवाला सकाळी, आणि शिफ्ट बदलली की वेळ बदलून घेईल. प्रॅक्टिकल गुरुवारी ठेवावं. फार तर एका मास्तरांचा जादा पगार लागेल, मशीन तर तिथे आहेतच.

भोसरी, आकुर्डी, चाकणच्या युनियननाही सांगणं आहे. वेतनवाढीच्या करारात आपण कँटीनच्या नाश्त्यावरून तासन्‌तास भांडतो. पुढच्या करारात एक कलम घालून घ्या: कामगार मान्यताप्राप्त अभ्यासक्रम करत असेल, तर तो संपेपर्यंत त्याची नाइट लावू नये.

एक सीएनसी सेटर, भोसरी
(कंपनीत अडचण नको, म्हणून नाव छापू नये ही विनंती.)