ओहोटीच्या वेळेवर शर्यत

चिपळूण,
सोमवार, रात्री

प्रिय नंदे,

आंजर्ल्याच्या सायक्लोक्रॉस शर्यतीचं सांगितलं तेव्हा फोनवर तू विचारलंस, "खांद्यावर घेऊन पळायचं, तर सायकल न्यायचीच कशाला?" तेव्हा मी बाजारात गर्दीत उभी होते, नीट बोलता आलं नाही. आता जेवणं आटोपलीत, समीर ओसरीवर चेन पुसत बसलाय, आमची कुत्री चिंगी दारात आडवी पसरलीय. तेव्हा सविस्तर लिहिते.

सायक्लोक्रॉसमध्ये अंतर ठरलेलं नसतं, वेळ ठरलेला असतो. अडीच-तीन किलोमीटरची एक फेरी आखायची, तीत गवत, चिखल, वाळू, चढ, पायऱ्या असं सगळं मुद्दाम आणायचं आणि वेळ संपेपर्यंत त्याच फेऱ्या मारायच्या. जागतिक स्पर्धेत पुरुषांची शर्यत साधारण तासभर चालते, आमची ४० मिनिटांची होती. शेवटच्या फेरीला घंटा वाजते. वाटेत आडवे अडथळे असतात, ४० सेंटीमीटरपर्यंत उंच. पेडल मारून पुढे सरकता येत नाही तिथे उतरायचं, सायकल उचलायची, पळायचं आणि पळता पळताच पुन्हा बसायचं. उतरण्यात इथे अजिबात कमीपणा नाही. ज्याला झटकन उतरता येतं तो पुढे जातो, आणि मला हा खेळ आवडला तो इथेच.

आंजर्ल्याची फेरी सुरूच्या बनाच्या कडेने निघत होती. मग कापणी झालेली खाचरं. एका कोपऱ्यात अजून ओल होती, तिथली माती टायरला अशी चिकटायची की चाक फिरेना. अडथळ्यांसाठी पोफळीचे वासे आडवे बांधले होते. पुढे जांभ्याची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट चढून वर, वाडीच्या मागून उतार आणि शेवटी पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू. सगळी हौशी मंडळी. खऱ्या सायक्लोक्रॉसच्या सायकली मोजक्याच, बाकी कोणाकडे कच्च्या रस्त्याची ग्रॅव्हल सायकल तर कोणाकडे डोंगरातली एमटीबी. आंतरराष्ट्रीय नियमात टायर ३३ मिलिमीटरहून रुंद चालत नाही. इथे कोणी मोजायला आलं नाही, ते बरंच झालं, कारण कोकणातल्या सुक्या वाळूत बारीक टायर घालणं म्हणजे पायीच जाणं.

शर्यतीची वेळ मात्र तिथी बघून ठरली होती. आम्ही उतरलो त्या घरच्या आजोबांनी हिशेब सांगितला: तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. शनिवारी चतुर्थी, म्हणजे भरती तीनला, आणि त्याच्या सहा तास आधी, नवाच्या सुमारास, ओहोटी. रविवारी पंचमी, म्हणून सगळं पाऊण तास पुढे. ओहोटीला पाण्यालगतची वाळू फरशीसारखी टणक असते, तिच्यावर सायकल सुसाट जाते. पण तिथवर पोचायला आधी मऊ वाळूचा पट्टा ओलांडावा लागतो, आणि खरी शर्यत त्या पट्ट्यात होते. टायरमधली हवा एरवीपेक्षा बरीच कमी ठेवायची, वजन मागे घ्यायचं, हँडल घट्ट धरायचं नाही, आणि पुढच्याच्या चाकाने पाडलेल्या चाकोरीतून पाय न थांबवता जायचं. जरा वळवायला गेलीस की पुढचं चाक रुतलंच. बेल्जियममध्ये कोक्साइडे नावाचं समुद्रकाठचं गाव आहे, तिथे अशाच वाळूच्या टेकड्यांवर २०१२ ची जागतिक स्पर्धा झाली आणि पुरुषांमध्ये पहिले सातही जण बेल्जियमचेच आले. ती वाळू त्यांच्या पायाखालची होती. मला वाटतं, आपली पोरं पुळणीवरच लहानाची मोठी होतात, त्यांना कोणी ही सायकल हातात दिली तर काय होईल!

आता चिंगीचं. कुत्रा दोरीशिवाय किनाऱ्यावर आणायचा नाही, ही आयोजकांची पहिली अट होती. या दिवसांत ऑलिव्ह रिडले कासविणी अंडी घालायला किनाऱ्यावर येऊ लागतात, आणि कुत्री वाळू उकरून अंडी खातात. याच किनाऱ्यावरच्या वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने घरटी राखायचं काम सुरू केलं, मग ते इतर गावांतही गेलं. म्हणून फेरीसुद्धा भरतीरेषेच्या खालच्या ओल्या वाळूवरूनच नेली होती, आणि वरच्या वाळूतून उतरायला एकच वाट ठेवली होती. अट मला मनापासून पटली. त्यामुळे एकाने शर्यत करायची आणि दुसऱ्याने चिंगी धरायची, असंच आम्हाला करावं लागलं. आधी बायकांची शर्यत, मग पुरुषांची.

नंदे, त्या दोरीमुळे मला काय मिळालं ते सांगते. रस्त्यावरच्या शर्यतीत माणूस सुटला की दिसेनासाच होतो. इथे दर सात-आठ मिनिटांनी तो समोरून जातो, आणि प्रत्येक फेरीत वेगळा दिसतो. लग्नानंतर समीरकडे सलग ४० मिनिटं नुसतं बघत बसायची वेळ माझ्यावर कधी आली होती सांग? पहिल्या फेरीत जबडा आवळलेला, खांदे कानाशी. मधे कुठेतरी त्याने वाळूशी भांडणं सोडलं. पट्ट्याच्या तोंडाशीच उतरायचा, चार ढांगा टाकायचा, टणक वाळू लागली की उडी मारून बसायचा. चेहरा मातीने माखलेला आणि इतका शांत, की आमच्या घरच्या कटकटींमध्ये तो चेहरा मी बरेच दिवस पाहिलाच नव्हता.

चिंगीला तर तो यायच्या आधीच कळायचं. इतरांच्या सायकली गेल्या तर ती कान हलवायची नाही. समीरच्या मागच्या चाकाची टिकटिक जराशी जाड आहे. ती उतारावरून ऐकू आली की ही उठून उभी, दोरी ताणलेली, शेपूट थांबलेलं. तो पुढे जाईपर्यंत एक आवाज काढायची नाही. तो गेला की मगच भुंकायची, एकदाच. दर फेरीला हेच.

माझ्या शर्यतीत पाखाडी मला सगळ्यात आवडली. उजवा हात फ्रेममधून घालून हँडल पकडायचं, वरची नळी खांद्यावर. पायऱ्या लहान-मोठ्या, कडा झिजलेल्या, सावलीत शेवाळं. त्या घरांतल्या बायका डोक्यावर हंडा-कळशी घेऊन याच पायऱ्या चढत आल्या. दोघी-तिघी गडग्याशी उभ्या होत्या, त्यांतली एक म्हणाली, "उजवीकडून चढ गो, तिथे पाय सरत नाय." खरंच सरकला नाही. शर्यतीत माझ्या पुढे असलेल्या दोघींना मी तिथेच गाठलं. या खेळात पुरुषांची जागतिक स्पर्धा १९५० साली सुरू झाली आणि बायकांची थेट २००० साली, हे मी वाचलं तेव्हा फार राग आला होता. त्या पाखाडीवर उभं राहून कोणी म्हणावं, की बायकांना एवढं झेपत नाही!

शर्यतीनंतर उतरलो होतो त्या घरच्या काकूंनी पेज दिली, मीठ आणि लोणच्यासकट. उपाशी पोटाला त्याहून बरं काही नाही. चिंगीला आधी गोडं पाणी, कारण तहानेने समुद्राचं पाणी प्यायली तर कुत्र्याला उलट्या-जुलाब होतात. मग तिचे पंजे धुतले. सायकली त्यानंतर, त्याही गोड्या पाण्याने, पण प्रेशरने नाही, नाहीतर बेअरिंगमध्ये पाणी शिरतं. खारं पाणी रात्रभर राहिलं तर सकाळी चेन तांबूस झालेली असते.

पुढच्या वेळी तू ये. तुझी जुनी सायकल चालेल, फक्त मडगार्ड काढून ठेव, मातीने अडकतात. तुमच्या ह्यांना सुट्टी मिळते का ते आधी विचार, कारण तेही आले की चिंगीला धरायला एक माणूस जादा होईल, आणि मग मी आणि समीर आळीपाळीने तुला बघू. तारीख कळली की तिथी काढून ओहोटीची वेळ कळवते, तू गाडीचं तिकीट त्याप्रमाणे काढ.

तुझीच,
मुग्धा