बक्षीस म्हणून चॉकलेट कशाला?

संपादक महोदय, स. न. वि. वि.

माझं किराणा दुकान अंगणवाडीपासून हाकेच्या अंतरावर आहे. सप्टेंबरमधल्या पोषण माहात तिथं लेकरांचा खेळ घेतला. मूग, मेथी, पेरूची चित्रं एका टोपलीत टाकायची आणि गोळ्या, चिप्स, क्रीमच्या बिस्किटांची दुसऱ्या टोपलीत. लेकरांनी पटापट टाकली, बाईंनी शिकवलंच होतं तसं. मग आलेल्या पाहुण्यांनी बक्षीस म्हणून सगळ्यांना चॉकलेट वाटलं! ते माझ्याच बरणीतलं होतं, म्हणजे धंद्याची तक्रार नाही.

पण चार वर्षांच्या लेकरानं यातून काय घ्यायचं? मेथी ही चॉकलेटसाठी भरायची फी, एवढंच. घरोघरीही तेच चालतं, ‘भाजी संपव, मग गोळी देते.’ शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त साखर, मीठ, तेलाचे पदार्थ विकू नयेत, असा २०२० चा नियम आहे. दुकानदाराला ५० मीटर लांब ठेवायचं आणि पंधरा ऑगस्टला, वाढदिवसाला वाटप मात्र थेट वर्गात!

गल्ल्यावर बसून एक गोष्ट रोज बघतो. लेकराला वाचता येत नाही, ते चित्र बघतं. पेयाच्या पाकिटावर आंबा छापला की त्याच्या लेखी ते फळच. मागच्या बाजूला घटकांची यादी असते, तिच्यात ज्याचं वजन जास्त ते आधी लिहावं लागतं. असल्या पेयांत पहिलं बहुधा पाणी, आणि साखरही वरच्याच नंबरात. परवा एका आजींना वाचून दाखवलं. म्हणाल्या, ‘मंग हे सरबतच की रे, आंब्याचा फोटू लावलेलं.’ लेकराला समजावायला एवढं पुरे. गुळाचं असलं तर चालतं म्हणणारेही भेटतात. गूळ झाला तरी गोडच की.

फुटाण्याच्या, लाह्यांच्या पाच रुपयांच्या पुड्या मी आता खालच्या फळीवर ठेवतो, लेकरांचा हात पोचेल तिथं. चकचकीत पाकिटांच्या माळा वर. मान वर करून मागणारी मागतातच, पण काहींचा हात खालीच थांबतो. अगदी लहानग्यांच्या घशात मात्र फुटाणे, शेंगदाणे अडकतात, त्यांना केळंच बरं.

अंगणवाडीत आणि शाळेत गोडाचं बक्षीस बंद करा, एवढीच मागणी आहे. द्यायचंच असेल तर रंगीत खडू द्या, तेही माझ्याकडं मिळतात.

– एक किराणा दुकानदार, ता. जिंतूर, जि. परभणी