विजूला, जोहान्सबर्गहून

प्रिय विजू,

तीन वर्षं झाली, तुला पत्र नाही. वाढदिवसाला फोनवर दोन ओळी टाकल्या, ते काही पत्र नव्हे. तब्येत ठीक आहे. साखर थोडी वाढलीय, गोळी चालू आहे. आता मुद्द्याचं लिहितो, नाहीतर पुन्हा राहून जाईल.

आज सोफियाटाऊनला गेलो होतो, इथली काळ्यांची जुनी वस्ती. तिथल्या ‘क्राइस्ट द किंग’ चर्चजवळ बिशप ट्रेव्हर हडलस्टनची रक्षा पुरलेली आहे. बिशप म्हटल्यावर तुझ्या कपाळावर आठी पडली असणार! तुझ्या घरी जेवताना त्यावरून आपण ताटावर भांडलो आणि मावशींनी तुझ्या ताटातली तंगडी उचलून माझ्या ताटात घातली, आठवतंय ना? तरी या माणसाचं ऐक.

हा मुळात मठातला. इंग्लंडमधल्या मर्फील्डची ‘कम्युनिटी ऑफ द रिझरेक्शन’. लग्न नाही, स्वतःचं म्हणून काही नाही आणि मठाची आज्ञा मोडायची नाही. 1943 साली मठानं त्याला इथं पाठवलं, वय तीस. काळ्या माणसाला स्वतःच्या नावावर जागा घेता यायची अशा मोजक्या वस्त्यांपैकी ही एक. एकेका आवारात कितीतरी बिऱ्हाडं, नळावर रांग. आपली टेकडीखालची वस्तीच बघ.

पुढं आर्चबिशप झालेले डेस्मंड टुटू लहान असताना त्यांची आई अंधशाळेत स्वयंपाक करायची. झगा घातलेल्या एका गोऱ्या फादरनं तिला पाहून हॅट काढली. काळ्या स्वयंपाकिणीला! पोरगा बघतच राहिला. पुढं टुटूंना क्षय झाला, तेव्हा हाच फादर इस्पितळात त्यांच्या खाटेपाशी येऊन बसायचा. टुटूंनी मुलाचं नाव ट्रेव्हर ठेवलं. आणि ह्यू मासेकेला, ज्याचा ट्रम्पेट तू मोठ्यानं लावायचास आणि खालचे काका काठी घेऊन वर यायचे, त्याला पहिला ट्रम्पेट यानंच मिळवून दिला. शाळेतलं वांड पोर होतं ते. वाद्य मिळालं तर कुणाला त्रास देणार नाही, म्हणाला होता.

मग 9 फेब्रुवारी 1955. घरं 12 तारखेला हलवणार असं जाहीर केलं होतं. सरकार तीन दिवस आधीच आलं, दोन हजार पोलीस घेऊन, पावसात. माणसं आणि सामान ट्रकमध्ये घालून मेडोलँड्सला नेली. हडलस्टन तिथं लोकांबरोबर उभा होता. नंतर जवळजवळ सगळं पाडून गोऱ्यांची वसाहत उठवली आणि नाव दिलं ‘ट्रिओम्फ’, म्हणजे विजय. जुनं नाव परत यायला 2006 साल उजाडलं.

तारखेच्या आधी येणं आपल्या वस्तीतही झालं, विजू. जेसीबीसमोर तू बालवाडीचा फळा धरून उभा होतास. आणि मी आठ दिवसांपूर्वीच विमानात बसलो होतो.

वरून ऑर्डर आली, जावंच लागेल, असं मी म्हणालो होतो. तू म्हणालास, “तुला नेमणूक आलीय, आज्ञा नव्हे.” त्यावरून चिडून मी तुझ्याशी अबोला धरला. पण खरं कारण ते नाही. ती निळी वही माझ्याकडे आहे. वस्तीच्या सर्वेक्षणाची. वकिलांनी मागितली आणि तू घरभर, ऑफिसभर शोधलीस ती. इथं बॅग उपसली तेव्हा तळाशी सापडली. त्याच रात्री फोन करायला हवा होता. एक दिवस गेला, मग आठवडा, मग तोंड दाखवायची लाज वाटायला लागली. पान 31 वर तुझं अक्षर आहे: ‘सखूबाई, 1994 पासून, रेशनकार्ड जळालं, वीजबिल आहे.’ खाली तिचा अंगठा, शाई पसरलेली. तिला घर मिळालं का रे?

आज त्या चर्चकडे जाताना मनात होतं की यालाही बोलावणं आलं आणि हाही गेलाच. मठानं परत बोलावलं, मोडून पडला, पण व्रत होतं म्हणून 1956 साली गेला. मग मलाच का लागावं? तिथं उभा राहिलो आणि हे काही टिकेना. पस्तीस वर्षं त्याला इथं पाऊल ठेवता आलं नाही, पण त्यानं हात सोडला नाही. टांगानिकात (आताच्या टांझानियात) मसासीचा बिशप झाला आणि 1968 साली ती गादी तिथल्याच माणसाकडे सोपवून निघाला. मग लंडनच्या स्टेपनीत गरिबांमध्ये दहा वर्षं, मग मॉरिशस. 1981 पासून वर्णभेदविरोधी चळवळीचा अध्यक्ष, 1994 साली इथं सगळ्यांचं मतदान होईपर्यंत. 1998 मध्ये मर्फील्डला वारला आणि रक्षा इथं आली, ज्या लोकांना सोडून जावं लागलं त्यांच्यापाशी. माझ्याकडून एक फोन झाला नाही.

वहीची सगळी पानं आज फोटो काढून तुला पाठवलीत, 64 आहेत. मूळ वही कुरियरवर सोडायला मन होत नाही, मे महिन्यात स्वतः घेऊन येतो. वकिलांकडे तुझ्याबरोबर येईन, उशीर कुणामुळे झाला ते मीच सांगेन. त्यांना अजून उपयोग आहे का, एवढं आधी विचारून ठेव.

पप्पांचं मोतीबिंदूचं झालं का? रेश्माची बदली नगरला झाली असं कळलं, बरं झालं. मावशींना नमस्कार. रागावला असशील तर रागाचंच पत्र लिही, पण लिही.

तुझा,
अन्या