नोटाला ("वरीलपैकी कुणीही नाही" या बटणाला) सगळ्यात जास्त मतं पडली तर निवडणूक परत घ्या

मा. केंद्रीय कायदा मंत्री यांस,
स.न.वि.वि.

साहेब, आम्ही ज्यांना निवडून दिलं ते आमचे खासदार मागच्या आठवड्यात समोरच्या पक्षात गेले. प्रचाराला घरी आले तेव्हा माझ्या आईच्या पाया पडून बोलले होते, "काकू, मेलो तरी पक्ष सोडणार नाही." आता पुढच्या लोकसभेला परत तेच उभे राहणार, फक्त गळ्यातलं उपरणं बदललेलं. आणि ज्यांना पाडायला मी उन्हात रांगेत उभा राहिलो ते तिकीट कापलं जाणार म्हणून आमच्या बाजूला आलेत! मग मी मत द्यायचं कुणाला? घरात रोज यावरून भांडणं, बायको म्हणते नोटा दाब, आई म्हणते मत वाया घालवू नको, आणि मला खरंच झोप लागत नाही हो. अठरा पूर्ण झाल्यापासून एक मतदान चुकवलं नाही मी.

सुप्रीम कोर्टाने 2013 ला नोटा दिला, म्हणजे पक्ष घाबरून चांगली माणसं उभी करतील. कोण घाबरलं? 2014 ला साठेक लाख लोकांनी नोटा दाबलं, 2019 ला 65 लाखाच्या आसपास, 2024 ला 63 लाख. लातूर ग्रामीणला 2019 च्या विधानसभेत नोटा दोन नंबरला होता. इंदूरला 2024 ला काँग्रेसच्या उमेदवाराने ऐनवेळी अर्ज मागे घेतला, तिथे 2 लाख 18 हजारांवर नोटा पडला, काय फरक पडला? सुरतला तर बिनविरोध, मतदानच नाही, म्हणजे लोकांना नाही म्हणायची पण सोय ठेवली नाही. उद्या एखाद्या मतदारसंघात नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तरी त्याच्या खालचा माणूस खासदार होणार, हा कुठला न्याय?

आमच्या राज्य निवडणूक आयोगाने 2018 लाच महापालिका नगरपालिकांसाठी आदेश काढला की नोटा पहिला आला तर परत निवडणूक. नगरपालिकेला जे जमतं ते लोकसभेला का जमत नाही? लोकप्रतिनिधित्व कायद्यात बदल करायला कुणी अडवलंय? पक्षांतरबंदी 1985 पासून आहे, तरी आख्खे गटच्या गट इकडून तिकडे जातात आणि वर मंत्री होतात. तिकीट कुणाला ते वरचे चार लोक ठरवणार, निवडून आल्यावर कुठे जायचं तेही तेच ठरवणार, आणि आम्हाला फक्त बोटाला शाई लावून घ्यायला बोलवता.

पुढच्या अधिवेशनात दुरुस्ती आणा. आणणार नसाल तर का नाही ते संसदेत उभं राहून सांगा.

एक मतदार