माटोळीखालून

माशेल, गोवा
चवथीचा तिसरा दिवस, रात्र

चि. बाय हिला बाबांचे अनेक आशीर्वाद.

पोचलीस का विचारलं, तर नुसता अंगठा आला. असो, पोचलीस हे कळलं.

घरात आपण भांडतो कोकणीत, पण पत्र मला मराठीतच सुचतं. आमची शाळाच तशी. फोनवर तू "हो बाबा, हो बाबा" म्हणत दोन मिनिटांत ठेवतेस, म्हणून कागद घेतला. आधी माफी मागतो. "उद्यापासून ते जिम बंद" असं मी चारचौघांत ओरडायला नको होतं. सुलूआत्यासमोर तर मुळीच नको होतं. ती आता वर्षभर पुरवून पुरवून सांगेल.

पण मी काय पाहिलं तेही ऐक. गणपतीच्या वर टांगायची ही फळापानांची माटोळी खाली बांधून मग वर चढवायची ही अण्णांपासूनची रीत. एका बाजूला दत्ता, दुसऱ्या बाजूला तू. आजवर त्या बाजूला घरातला पुरुषच लागायचा. तू हात वर ताणून ती सगळी चौकट, नारळ, सुपारीची शिपटी, चिबूड, तोरिंजनासकट पेललीस आणि मान वर करून उभी राहिलीस. बारकूला दोरी हुकातून काढायला वेळ लागला. मी तुझ्याकडेच बघत होतो, खोटं कशाला सांगू, छाती फुगली होती माझी. म्हणून तर मला आधी दिसलं. ओठ पांढरे पडले, डोळे कुठेच बघेनात. दत्ताने सावरलं नसतं तर सगळी चौकट तुझ्या अंगावर येती.

तयेचा, चवथीच्या आदल्या दिवसाचा उपास होता, सकाळपासून पोटात काही नव्हतं, हे मलाही कळतं. तेवढंच असतं तर मी ओरडलो नसतो. नंतर स्वयंपाकघरात पाणी पिताना तू म्हणालीस, "जिममध्येपण होतं कधीकधी, वजन डोक्यावर नेताना. आईला सांगू नका." तिथून माझं डोकं फिरलं.

आज आपले डॉक्टर दर्शनाला आले होते. नेवऱ्यांची बशी हातात देऊन त्यांना ओसरीवर बसवून घेतलं. तुझं नाव नाही घेतलं. दुकानातल्या पोराचं म्हणून विचारलं. त्यांनी ओळखलं असणार. बिलाच्या पाठीवर लिहून घेतलंय, तेच सांगतो.

श्वास कोंडून जोर लावला की छातीत दाब वाढतो. हृदयाकडे परत येणारं रक्त अडतं, आणि श्वास सोडला की घटकाभर रक्तदाब एकदम खाली येतो. डोक्याला रक्त कमी पडतं, डोळ्यांपुढे काळोखी येते. म्हणून वजन वर जाताना, अवघड टप्पा सरला की श्वास हळूहळू सोडायचा. दर वेळेला खाली आणून नवा श्वास घ्यायचा, एकाच श्वासात पाच वेळा नाही. दांडी खांद्यांवर ठेवायची, गळ्यावर नाही. मानेच्या बाजूच्या रक्तवाहिनीवर ती दाबली गेली तरी घेरी येते. वजन ठेवल्यावर पुतळ्यासारखं उभं राहायचं नाही, चार पावलं चालायचं, म्हणजे पायांतलं रक्त वर येतं. आणि काळोखी येतेय असं वाटताक्षणी दांडी पुढे सोडून मागे सरायचं आणि खाली बसायचं. फरशी फुटली तर फुटू दे, मी भरून देईन.

डॉक्टरांनी आणखी एक विचारलं : घर गरगर फिरतं की काळोखी येते? नुसतं गरगरत असेल, तेही मान वर केल्यावर, तर कानातलं असू शकतं. काळोखी असेल तर रक्तदाब झोपून आणि उभं राहून मोजायचा, हिमोग्लोबिन बघायचं. तुझं दहावीला ९ आलं होतं. त्या गोळ्या तू तुळशीत पुरायचीस. आईला अजून वाटतं, तुळस शेणखताने वाढली.

बघ, पुन्हा मास्तरकी सुरू झाली. तुला यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं. टोकियोच्या वेळी मीराबाईने ११५ किलो डोक्यावर धरले तेव्हा टीव्हीसमोर बसून तूच मला सगळं समजावलं होतंस. बायकांची दांडी १५ किलोची, पुरुषांची २० ची. नुसत्या हातांच्या जोरावर वर ढकलायचा प्रकार १९७२ च्या म्युनिकनंतर ऑलिम्पिकमधून काढून टाकला, हेही तूच सांगितलंस. मग तोच प्रकार तू का करतेस, असं विचारणार होतो. विचारत नाही. तू म्हणशील, तो लोक पाठ मागे वाकवायचे म्हणून काढला, चक्कर येते म्हणून नव्हे. बरोबर असशील.

मल्लेश्वरीला सिडनीत २००० साली पदक मिळालं, तो पेपर मी गल्ल्याखाली जपून ठेवला होता. तुझा तेव्हा पत्ताही नव्हता. मुलगी असं काही करू शकते हे मला तेव्हाच आवडलं होतं, पण बोलायचं कुणाला? परवा तू सिमेंटच्या गोणीएवढं, ५० किलो डोक्यावर नेल्याचा व्हिडिओ पाठवलास, तो मी दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला दाखवला. पाववाल्याला दोनदा. तेव्हा बंद कर असं मी म्हणत नाही. ओरडताना म्हणालो, ते परत घेतो.

फक्त इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, कर. ईसीजी आणि इको, दोन्ही. निघताना डॉक्टर चपला घालता घालता थांबले आणि म्हणाले, "वजन ठेवल्यावर चक्कर येत असेल तर एक वेळ ठीक. ऐन जोरात असताना येत असेल, नाहीतर घरात कुणी तरुण माणूस असं गेलं असेल, तर हृदय तपासल्याशिवाय वजनाला हात लावायचा नाही." मी मान खाली घातली. माटोळीखाली तू ऐन जोरातच होतीस ना?

माझ्या भावाचं, मुकुंदाचं, नाव काढायचं नाही असं ठरवून बसलो होतो. फोटोला हार घालतो त्यापलीकडे आपण त्याच्याविषयी बोलत नाही. मैदानावर पडला ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्याआधी दोनदा त्याला अशीच काळोखी आली होती, ते कुणालाच ठाऊक नाही. एकदा मी होतो जवळ. तळ्याच्या काठाला बसवून त्याला पाणी पाजलं. उन्हामुळे झालं म्हणाला. "आवयला सांगू नको." मी नाही सांगितलं. तो चोविशीत होता, मी एकोणिसाचा.

तू स्वयंपाकघरात तेच म्हणालीस.

तुला तसलंच काही आहे असं मी म्हणत नाही. बहुतेक उपास आणि कोंडलेला श्वासच असेल, डॉक्टरही तेच म्हणाले. जिमला जाण्याआधी मिठाची पेज पी, पाण्याची बाटली जवळ ठेव. पण इको होईपर्यंत डोक्यावर वजन नको. पाय, पाठ, काहीही नको. हवं तर इथे ये, बांबोळीला गोमेकॉत, सरकारी इस्पितळात, मी रांगेत उभा राहतो. तिथेच करायचं असेल तर पैसे पाठवतो. पैशाचं कारण सांगू नकोस, मागच्या वेळेसारखं.

माटोळी अजून तुझ्या बाजूला दोन बोटं खाली आहे. पाचव्या दिवशी उतरवू तोवर तशीच राहू दे म्हणतात सगळे. हे पत्र तिच्याखालीच बसून लिहितोय. मघाशी एक आंबाडा वहीवर पडला.

आईला मी सांगितलंय. तुझं आणि मुकुंदाचंही. रागावायचं असेल तर रागाव. ती काही बोलली नाही, समईची वात सारखी केली आणि आत गेली. थोड्या वेळाने दारात येऊन विचारलं, पुण्याची रात्रीची गाडी पणजीहून किती वाजता सुटते.

तुझे
बाबा